नववा रकाना

आमच्या कचेरीत कुठलंही काम कोऱ्या कागदावर सुरू होत नाही. नवं काम आलं की पहिला प्रश्न, "टेम्प्लेट कुठलं?" आणि सगळ्यांच्या माना माझ्या टेबलाकडे वळतात. आम्ही जागा हलवून देणारी माणसं. कुणाचं ऑफिस, कुणाची प्रयोगशाळा, एकदा एक अख्खं ग्रंथालय. गाड्या आणि हमाल दुसऱ्याचे, आखणी आमची. कुठली वस्तू कधी निघणार, कुठल्या गाडीत चढणार, कुठल्या मजल्यावर उतरणार आणि कुणाच्या सहीनं. त्याची शीट नऊ वर्षांपूर्वी मी बनवली. तेव्हापासून चौदा कामं तिच्यावर निघाली. नावं बदलायची, तारखा बदलायच्या, नको त्या ओळी उडवायच्या, झालं. साहेब आल्यागेल्याला सांगतात, "आमच्या बाई म्हणजे आमचा साचा. ओता आणि काढा."

त्या शीटमधले नियम पुस्तकातले नाहीत, मार खाऊन आलेले आहेत. पहिल्याच कामात दोन कारकुनांचं मिळून एक कपाट होतं, म्हणून मी दोघांची नावं एकाच ओळीत लिहिली होती. कपाट तीन आठवडे बेपत्ता. हा म्हणे त्याच्याकडे, तो म्हणे ह्याच्याकडे. शेवटी ते नव्या इमारतीच्या जिन्याखाली सापडलं, वर कुणीतरी चहाची किटली ठेवायलाही लागलं होतं. त्या दिवसापासून एका ओळीत एकच नाव. दुसरं लिहायला गेलं तर शीट घेतच नाही, लाल होते.

पंधरावं काम आलं ते वृद्धाश्रमाचं. शहाऐंशी माणसं, जुन्या बैठ्या इमारतीतून गावाच्या दुसऱ्या टोकाच्या चार मजली इमारतीत. साहेब म्हणाले, "माणसं काय नि टेबलं काय, हलवायचीच आहेत. ऑफिसवालं टेम्प्लेट घ्या, थोडं वळवा."

मी वळवलं. 'कर्मचारी'च्या जागी 'रहिवासी', 'विभाग'च्या जागी 'गरज', 'टेबल'च्या जागी 'खाट'. एका झटक्यात सगळीकडे बदललं, तर 'टाइमटेबल'चं 'टाइमखाट' झालं आणि दोन दिवस कचेरीत तोच विनोद. घरीही सांगितला. आमचे हे म्हणाले, "आपल्या घराचंही टाइमखाटच आहे. माझी ओळ कितवी?"

"तुझी ओळ उडवली," सासूबाई आतून म्हणाल्या. "नको त्यातली होती."

संस्थेच्या व्यवस्थापकांना शीट फार आवडली. नव्या इमारतीत मजले गरजेप्रमाणे होते. पहिला चाकाच्या खुर्चीवाल्यांचा. दुसरा कमी दिसणाऱ्यांचा, तिथं भिंतीला कठडे आणि बोलणाऱ्या घंटा. तिसरा कमी ऐकू येणाऱ्यांचा, तिथं घंटेऐवजी दिवे लुकलुकणार. चौथा हिंडत्याफिरत्यांचा. 'गरज' भरली की शीट मजला आपोआप द्यायची. साहेबांनी आणखी एक गोष्ट रंगवून सांगितली. ती माझीच करामत होती. "समजा दोघांना एकमेकांची जागा हवी आहे. कुणाला विचारायला नको, भांडायला नको. दोघांचे अर्ज असले की दर सोमवारी सकाळी शीट आपणच जोडी लावते. आणि एकाला वर्षात एकच बदल. नाहीतर लोक रोज उठून जागा बदलतात."

"झकास," व्यवस्थापक म्हणाले. "काम संपल्यावर शीट आम्हालाच देऊन टाका. पुढंही हिच्यावरच चालवू."

मला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू.

माहिती भरायला मी जुन्या इमारतीत चार दिवस जात होते. सोबत मोठी सिस्टर. तिला तिथं तेवीस वर्षं झालेली. ती नावं क्वचितच घ्यायची. हा मास्तर, ती घड्याळ, ते दोघे सासरे. अकरा नंबरच्या दारात ती म्हणाली, "ह्या आमच्या रेडिओ आणि खिडकी. आत जाल तर तासाची निश्चिंती करून जा."

खोलीत दोन खाटा, मध्ये एक लाकडी कपाट. डावीकडच्या आजींना डोळ्यांनी काही दिसत नव्हतं आणि त्या बोलायच्या थांबत नव्हत्या. त्या रेडिओ. उजवीकडच्यांना काही ऐकू येत नव्हतं. त्या बाहेर बघत बसायच्या आणि दिसेल ते मोठ्यानं सांगायच्या. त्या खिडकी. रेडिओ काय बोलतात ते खिडकी त्यांच्या ओठांवरून वाचायच्या.

"कोण आलंय?" रेडिओंनी विचारलं.

"बाई आहे. चष्मा. हातात फळी, फळीवर कागद," खिडकी म्हणाल्या. "चप्पल झिजलीय. चांगल्या घरची दिसते, पण चप्पल घेत नाही."

"अहो, तिला ऐकू येतं."

"मला कुठं येतंय?"

सिस्टर हसली. मीही हसले. मग मला दोरी दिसली. पांढरी, जुन्या परकराच्या नाडीसारखी, एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर गेलेली. तिचं एक टोक रेडिओंच्या उशीखाली आणि दुसरं खिडकींच्या मनगटाला.

"जेवणाची गाडी आली की मला चाकं ऐकू येतात," रेडिओ म्हणाल्या. "मी ओढते. ती उठते, मला हाताला धरून नेते. रात्री मला पाणी लागलं, ओढते. तिला दचकायला झालं तर ती ओढते. अकरा वर्षं झाली. तीन दोऱ्या झाल्या."

मी फळीवर लिहायला लागले. एक्केचाळीसावी ओळ, गरज: दृष्टी. बेचाळीसावी ओळ, गरज: श्रवण. नाते ह्या रकान्याशी थांबले. "तुम्ही बहिणी का?"

"छे. ती कुठली, मी कुठली. मी शिवणकाम करायचे, ती पोस्टात होती."

नाते: नाही.

"बाई," रेडिओ म्हणाल्या, पहिल्यांदाच हळू आवाजात, "नव्या घरात आम्हाला सोबत ठेवतील ना? सगळे म्हणतात मजले वेगवेगळे आहेत."

"ठेवतील की. मी लिहून घेते."

"लिहिलंत?"

मी शेवटच्या, नवव्या रकान्यात, शेऱ्यात, दोन्ही ओळींना लिहिलं: *एकत्रच ठेवणे. दोरी.* आणि म्हणाले, "लिहिलं."

रेडिओंनी तोंड खिडकींकडे केलं आणि ओठ ठळक हलवून सांगितलं, "लिहिलंय तिनं." मग उशीखालची दोरी दोनदा हलकेच ओढली. खिडकींनी मान हलवली आणि पुन्हा बाहेर बघायला लागल्या.

त्या संध्याकाळी घरी हे सांगितलं, तर सासूबाई डाळ निवडता निवडता म्हणाल्या, "माझी दोरी कुणाच्या हातात आहे गं?"

"माझ्याच," मी म्हणाले.

"मग हळू ओढ. परवा किती जोरात हाक मारलीस."

हलवायचा दिवस बुधवार होता. मी रोज पहाटे उठून जप करते आणि तो संपेपर्यंत कुणाशी बोलत नाही. त्या दिवशी शहाऐंशी मणी जास्त ओढले, प्रत्येकासाठी एक. सहा वाजता नव्या इमारतीच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. गाड्या मजल्याप्रमाणे लागल्या होत्या. प्रत्येकाच्या मनगटाला रंगीत पट्टी. दुसऱ्या मजल्याला निळी, तिसऱ्याला पिवळी. गाडीवाला आमच्या जुन्या ओळखीचा, गप्पिष्ट, मला वहिनी म्हणायचा. "वहिनी, आजपर्यंत एवढं बोलणारं सामान नाही हलवलं मी. एक आजी तर वाटभर म्हणत होती, लिहिलंय, लिहिलंय. म्हटलं आजी, काय लिहिलंय? कागदावर तर निळी पट्टी लिहिलीय."

मी हसले. माझ्या हातात यादी होती, खुणा करत होते. तो काय म्हणाला ते ऐकू आलं होतं. पण पोचलं नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी शहाऐंशीवी खूण झाली. एक माणूस हरवलं नाही, एक काठी मोडली नाही. साहेबांनी सगळ्यांना पेढ्याएवढं कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी काम पूर्ण झाल्याच्या कागदावर दोन्हीकडच्या सह्या झाल्या, शीट संस्थेच्या ताब्यात गेली.

शुक्रवारी दुपारी मोठ्या सिस्टरचा फोन आला. "बाई, तुम्ही अकरा नंबरबद्दल काही लिहिलं होतं का?"

"हो. एकत्र ठेवा म्हणून."

"कुठं?"

मी माझ्याकडची प्रत उघडली. एक्केचाळीस, बेचाळीस, नववा रकाना. होतं तिथंच. "हे काय, आहे की."

"आमच्या कागदावर आठच रकाने आहेत."

मग मला आठवलं. चौथ्या की पाचव्या कामात लोक शेऱ्यात वाट्टेल ते लिहायला लागले होते. पंख्याखाली नको. मोठ्यानं हसणाऱ्याशेजारी नको. हमाल ते वाचत उभे राहायचे. म्हणून मीच छपाईची हद्द आठव्या रकान्यापाशी आणली होती. लिहिणाऱ्याचं समाधान व्हावं, कामाचा खोळंबा होऊ नये. साहेबांना तेव्हा ही युक्ती फार पटली होती. त्यानंतर दहा कामं झाली. नववा रकाना कधीच कुणी वाचला नाही, आणि त्यानं कुणाचं अडलंही नाही.

शनिवारी गेले. दुसऱ्या मजल्यावर रेडिओ खाटेवर बसल्या होत्या. खोली चौघींची, चौघींनाही दिसत नव्हतं.

"आजी, मी. फळीवाली."

"या," त्या म्हणाल्या. "बाहेर काय आहे हो? कालपासून विचारतेय, ह्यांना कुणालाच माहीत नाही."

खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत होती. "भिंत आहे," मी म्हणाले.

"कसली?"

"विटांची. गिलावा नाही."

"ती असती तर विटा मोजल्या असत्या." मग म्हणाल्या, "तुम्ही लिहिलं होतं ना?"

"लिहिलं होतं आजी."

"मग झालं," त्या म्हणाल्या. रागानं नाही. खरंच त्यांना तेवढ्यानं धीर आल्यासारखा. तेच मला सोसलं नाही.

तिसऱ्या मजल्यावर जेवणाचा दिवा लुकलुकत होता. बाकीच्या तिघी उठून गेल्या. खिडकी बसून होत्या. दोरीचं एक टोक मनगटाला, दुसरं जमिनीवर. सिस्टर म्हणाली, "दिवा बघतात, पण उठत नाहीत. म्हणतात, तिनं ओढलं नाही अजून."

"सिस्टर, तुम्हीच का नाही नेत ह्यांना खाली रेडिओंकडे? मी तुमच्या जागी असते तर..."

"माझ्या जागी आता शीट आहे," ती शांतपणे म्हणाली. "औषधं खाटेच्या नंबराला, घंटा नंबराला, रात्रीची मोजणीही नंबराला. दोन मजल्यांना मिळून एक मदतनीस. मी परवा रेडिओंना अर्ध्या तासासाठी वर आणलं, तर खालची खाट रिकामी म्हणून मला खुलासा द्यावा लागला. व्यवस्थापक वाईट नाहीत हो. म्हणतात, अर्ज टाका, नियमानं करू."

तो अर्ज म्हणजे माझंच टेम्प्लेट, आणि शीट देऊन टाकली तरी अर्ज टाकायची मुभा माझ्याकडे अजून होती. कारण निवडायला तीनच पर्याय: मोडतोड, चुकीची जागा, दुहेरी नोंद. मी 'चुकीची जागा' निवडलं. एक्केचाळीसावी ओळ, दुसऱ्यावरून तिसऱ्या मजल्यावर. दोघींचं एकाच अर्जात लिहून पाहिलं, तर शीट लाल झाली. एका ओळीत एकच नाव. मग नुसता रेडिओंचा अर्ज पाठवला. उत्तर आलं: *प्रलंबित. तिसऱ्या मजल्यावर जागा नाही.*

साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, काम बंद झालं. सह्या झाल्या. आता ते त्यांचं घर, आपण पाहुणे."

"चूक आपली आहे."

"चूक कुठं? गरज बरोबर, मजला बरोबर. शेरा हा शेराच असतो. तुम्हीच म्हणाला होतात."

नऊ दिवस गेले. रोज सकाळी मी प्रलंबित बघायचे. खिडकी पेजेवर आल्या. रेडिओ बोलायच्या थांबल्या नव्हत्या, पण आता एकच वाक्य बोलायच्या, लिहिलंय तिनं. दहाव्या दिवशी सिस्टर म्हणाली, "खालच्या मजल्यावरच्या एका आजींना त्यांचा मुलगा नेणार म्हणतोय. खात्री नाही. पण खाट सुटली तर खिडकीला खाली आणता येईल. तिचाही अर्ज टाकून ठेवा की. वर जागा झाली तर ही वर, खाली झाली तर ती खाली. जे आधी होईल ते आपलं."

मला ते पटलं. बेचाळीसावी ओळ, तिसऱ्यावरून दुसऱ्या मजल्यावर. गुरुवारी पाठवला. पहिला अर्ज तसाच राहू दिला. दोन दारं ठोठावलेली बरी, असं वाटलं. शुक्रवार, शनिवार, रविवार मी एक वेळच जेवले. देवाला म्हटलं, कुठलंही एक दार उघड, मी निवडत नाही.

सोमवारी दहा वाजता कचेरीत शीट उघडली. एक्केचाळीस हिरवी. बेचाळीस हिरवी. दोन्ही मंजूर. डोळ्यांत पाणी आलं. देवाकडे एक मागितलं तर त्यानं दोन दिली, असंच मनात आलं आणि हात जोडले गेले.

हात जोडलेले असतानाच मी पुढचा रकाना वाचला. एक्केचाळीस: तिसरा मजला. बेचाळीस: दुसरा मजला.

कुठल्याच मजल्यावर खाट रिकामी झाली नव्हती. त्या आजींचा मुलगा आलाच नव्हता. पण एकीला खाली यायचं होतं आणि एकीला वर जायचं होतं, आणि दोघींच्या खाटा एकमेकींना बरोबर पुरत होत्या. सोमवारी सकाळी शीटनं जोडी लावली. नऊ वर्षांपूर्वी मी तिला जसं शिकवलं होतं, अगदी तसं.

मी फोन लावला. सिस्टरनं उचलला.

"थांबवा," मी म्हणाले.

"नऊला झालं. माझी पाळी दहाची. दोघींना दोन वेगळ्या लिफ्टनं नेलं. एक वर जात होती तेव्हाच एक खाली."

"परत अर्ज टाकते. आत्ता."

"टाकून बघा."

टाकला. शीट लाल झाली. *ह्या ओळीचा वर्षाचा बदल वापरला आहे.*

व्यवस्थापकांना भेटले. भला माणूस. खुर्ची दिली, पाणी दिलं. दोन्ही अर्ज समोर ठेवले. "बाई, दोन्हींवर तुमचीच सही आहे. मी काय समजायचं? आज हे फिरवलं तर उद्या चाळीस जण दारात. तुमच्या साहेबांनीच सांगितलं होतं ना, लोक रोज उठून जागा बदलतात. तेवढा कठडा लावून देतो वर, आजींच्या खाटेपासून न्हाणीपर्यंत. पुढची तपासणी अकरा महिन्यांनी आहे, तेव्हा पहिलं नाव त्यांचं." त्यांनी डायरीत लिहूनही घेतलं. माझ्यासमोर.

मी सांगितलं की त्यातली एक एकोणनव्वदची आहे आणि दुसरी तिच्याहून मोठी. ते म्हणाले, "देवाची कृपा असेल तर होईल." एरवी हे वाक्य माझं असतं.

कामाच्या शेवटी आमच्याकडे एक पान भरावं लागतं, 'काय शिकलो' नावाचं. चौदा कामांत त्यात 'सर्व सुरळीत' असंच लिहिलं गेलं होतं. ह्या वेळी मी पानभर लिहिलं आणि टेम्प्लेटमध्ये नवा रकाना घातला, *सोबत कोण*. छपाईच्या हद्दीच्या आत, नावाच्या लगेच शेजारी. साहेबांनी हरकत घेतली नाही. सोळावं काम नळाच्या तोट्यांच्या गोदामाचं निघालं. तिथला गोदामवाला तिसऱ्या दिवशी फोनवर म्हणाला, "बाई, हा 'सोबत कोण' कॉलम रिकामा ठेवला की शीट पुढं जात नाही. मी वरपासून खालपर्यंत 'लागू नाही' ओढून टाकलंय. चालेल ना?"

"चालेल," मी म्हणाले.

मंगळवारी आणि शनिवारी मी जाते. भेटीची वेळ चार ते पाच. अर्धा तास दुसऱ्या मजल्यावर, अर्धा तिसऱ्या. खिडकींना आता विटांची भिंत दिसते. त्यांनी मोजायला घेतली होती, मध्येच सोडली. डोक्यावर बोलणारी घंटा वाजते, ती त्यांना ऐकू येत नाही, मदतनिसाला सवड झाली तर तो दंडाला धरून उठवतो. दोरी अजून मनगटाला आहे. मी एकदा तिचं मोकळं टोक उचलून हलकेच ओढलं. त्यांनी झटकन वळून बघितलं. मला बघितलं. पुन्हा तसं करायचं नाही, एवढं मी ठरवलं.

मागच्या शनिवारी तिसऱ्या मजल्यावर गेले तेव्हा चहाचा दिवा लुकलुकत होता. रेडिओ त्याच्या बरोबर खाली बसल्या होत्या, हात मांडीवर. तिथं कुणी त्यांचं बोलणं ऐकू शकत नाही, म्हणून आताशा बोलत नाहीत.

"आजी, खालून आलेय. त्या म्हणाल्या, भिंतीवर एक कबूतर बसतं. एका पायाचं."

त्या म्हणाल्या, "तिला सांगा, एका पायाचं नसेल. दुसरा पोटाशी घेतला असेल. नीट बघ म्हणावं."

शब्द इकडचा तिकडे होऊ नये म्हणून मी पिशवीतून वही काढली. पानाचा आवाज झाला असावा.

"बाई," त्या म्हणाल्या, "लिहू नका."

मी वही मिटली.

"नुसतं लक्षात ठेवा. जमेल ना?"

"जमेल."

पाचची वेळ झाली होती. जिन्यानं उतरताना मी ते वाक्य मनात घोळवत होते. दुसरा मजला आला तेव्हा तिथला दरवाजा भेटीसाठी बंद झाला होता.